कोर्टाची पायरी चढावीच लागेल!



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्याला आजीच्या मांडीवरच पाठ झाली. म्हण खोटी नाही. भावाच्या बांधाची वीतभर जमीन लाटायला जो आपल्या पायाने कोर्टात जातो, त्याचं घर कसं बसतं ते आम्ही हर्णेकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्याला कोर्टानेच बोलावलं आहे त्याचं काय? ज्याने गुन्हा केला नाही, पण कुणीतरी डाव साधून ज्याच्या नावावर कागद काढवला आहे, त्याने पायरी चढायची की नाही? ही म्हण त्याच्यासाठी नव्हेच! आणि नेमका तोच ती उशाशी घेऊन झोपतो. झोपेतून उठतो तेव्हा दारात पोलीस उभा असतो.

आम्ही आज हेच सांगायला उभे आहोत. आळ खोटा असेल तर समन्सपासून पळू नका. पळालात की खोट्याला खऱ्याचा रंग चढतो.

आळ येतो कसा?

आम्ही हर्ण्याची माणसं. सुवर्णदुर्गासमोरच्या किनाऱ्याची, पाजपंढरीची, वरच्या वाड्यांची. आमचे आजे-पणजे पडावात बसून बोटीपर्यंत गेले, बोटीने मुंबईला आले आणि साच्यांवर उभे राहिले. गावकीच्या एकेका खोलीत वीस-वीस जणांनी पाळीपाळीने पथाऱ्या टाकल्या. पुढे बोट बंद झाली, एस.टी. आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईचे भोंगेही एकामागून एक मुके झाले. लालबाग-परळात चिमण्यांच्या जागी टॉवर उठले. पण एक गोष्ट काही बदलली नाही. माणूस इथे आणि घर तिथे! माणूस मुंबईत, भिवंडीत, इचलकरंजीत; सातबारा, कलमं, बांध आणि पाणंद मात्र गावात.

आणि माणूस जिथे नसतो तिथेच त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं.

गोष्ट एकाची नाही, प्रत्येक वाडीतली आहे. शिमग्याला माणूस गावी जातो. पालखीपुढे मानपानावरून दोन शब्द होतात. तो परत येतो, रातपाळीला लागतो, विसरूनही जातो. चार महिन्यांनी कागद येतो. काय म्हणे, अमुक तारखेला फिर्यादीच्या आवारात घुसलास, कलम तोडलंस, शिवीगाळ केलीस, जिवे मारण्याची धमकी दिलीस. तारीख बघावी तर त्या दिवशी हा पठ्ठ्या कारखान्यात मागावर उभा! हर्ण्यात नव्हताच, तर कलम तोडलं कुणी?

खरं आहे ना? मग भीती कसली? भीती अशी की, हे खरं कोर्टाला आपण होऊन कळत नाही. कोर्ट काही आपल्या खात्यात येऊन मस्टर बघत नाही. फिर्यादीने सांगितलेलं तेवढं कोर्टापुढे आहे. आपलं सांगणं अजून कोर्टापुढे नाहीच. ते मांडण्यासाठीच तर बोलावणं आलं आहे. समन्स म्हणजे शिक्षा नव्हे, समन्स म्हणजे ‘ये आणि बोल’ असा हुकूम. हे एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तरी अर्धी भीती जाईल.

सुवर्णदुर्गाला आपण लहानपणापासून पाहतो. किनाऱ्यावरून नुसता तटच दिसतो. वाटतं, आत जायला वाटच नाही. होडी जवळ नेली की मग बुरुजाच्या आडचा दरवाजा दिसतो. कायद्याचंही तसंच आहे. लांबून नुसता तट. जवळ गेल्याशिवाय दरवाजा दिसत नाही.

आपली माणसं काय करतात?

एक जण म्हणतो, “घेऊच नका तो कागद! घेतला नाही तर लागू कसा होईल?” चूक! टपालाचा किंवा बेलिफाचा कागद नाकारला, तर ‘नाकारला’ असा शेरा बसतो आणि कोर्ट तो बजावला गेला असं धरू शकतं. माणूस शोधून सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या, कुटुंबातल्या कोणाही प्रौढ माणसाकडे कागद देता येतो. पूर्वीच्या कायद्यात फक्त प्रौढ पुरुष म्हटलं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, आता घरातली बाईसुद्धा आली. तेही जमलं नाही तर घराच्या दर्शनी भागावर कागद डकवता येतो. म्हणून घरातल्या माणसांना सांगून ठेवा. कागद आला तर फणीच्या डब्यात ठेवू नका, त्याच दिवशी फोन करा.

दुसरा म्हणतो, “बघू गणपतीत गेल्यावर.” गणपती भाद्रपदात, तारीख आषाढात! तारखेला आरोपी आला नाही, वकीलही आला नाही, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. मग ज्याच्या अंगाला गुन्ह्याचा डाग नव्हता, त्याला पोलीस चाळीतून धरून नेतात आणि सगळी चाळ गॅलरीत उभी राहून बघते. फिर्यादीला आणखी काय हवं? त्याने कलमाचा खोटा आळ घेतला, आणि फरारीपणाचा खरा आळ आपण आपल्या हाताने पुरवला!

तिसरा सर्वांत शहाणा. तो म्हणतो, “कबूल करून टाक रे! दोन-पाचशे दंड होईल. तारखा किती मारशील? प्रत्येक तारखेला एक खाडा, वर एस.टी.चं भाडं.” हिशेब वरवर बरोबर दिसतो. बंधूंनो, हाच हिशेब सर्वांत घातकी आहे. कोर्टात ‘गुन्हा कबूल’ म्हटलं की दंड शंभराचा असो नाहीतर हजाराचा, माणूस गुन्हेगार ठरतो. मग त्या निकालावर अपीलही जवळजवळ संपतं. शिक्षा किती आणि ती कायदेशीर की बेकायदा, एवढ्यापुरतंच उरतं. उद्या पोरगा नोकरीला लागताना नव्हे, तुम्हीच वॉचमनची नोकरी धरायला गेलात आणि चारित्र्याचा दाखला मागितला, तर तो शंभर रुपयांचा दंड तिथे आडवा येतो. न केलेला गुन्हा कबूल करणं ही काटकसर नव्हे, आपल्या नावाची विक्री आहे. आणि ती फार स्वस्तात!

चौथा गावातल्या ‘मिटवणाऱ्या’कडे धावतो. हा गृहस्थ दोन्ही बाजूंचा मामा. इकडून घेतो, तिकडून घेतो आणि म्हणतो, “जा, मिटलं.” कुठे मिटलं? कोर्टाच्या दप्तरात? खटला दप्तरावर आहे तोवर तो जिवंत आहे, मामा काहीही म्हणो. खरी तडजोड करायची तर तीही कोर्टात, फिर्यादीच्या सहीने, कायद्याने तडजोडीला मोकळ्या असलेल्या गुन्ह्यातच होते. तशी रीतसर तडजोड झाली तर ती सुटकेसारखीच धरली जाते. म्हणून तडजोडीला आमचा विरोध नाही; अंधारातल्या तडजोडीला आहे.

आता पाचवाही निघाला आहे, आणि तो नेमका उलट चुकतो. कुणी फोनवर ‘साहेब’ बनून सांगतो की तुमच्या नावावर गुन्हा आहे, तुम्हाला ‘डिजिटल अटक’ केली, पैसे भरा नाहीतर आत टाकतो. हा बिचारा निवृत्तीची पुंजी पाठवून मोकळा होतो! असली अटक कायद्यात नाही. कोणतंही कोर्ट फोनवर अटक करत नाही, की सुटकेसाठी कुणाच्या खात्यात पैसे मागत नाही. समन्स आता मोबाईलवरही येऊ शकतं हे खरं. पण त्यावर कोर्टाचं नाव, शिक्का आणि खटल्याचा नंबर असतो, आणि तो नंबर कोर्टात जाऊन ताडून बघता येतो. ताडून बघा, मग घाबरा. फसला असाल तर १९३० वर लगेच कळवा.

कागद हातात आला, आता काय?

आधी कागद वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगा, तिला लाज वाटत नाही. चार गोष्टी शोधा: कोणतं कोर्ट, खटल्याचा नंबर, कोणती कलमं, आणि तारीख. पोलिसांची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांतला फरक ओळखा. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस असेल तर तिलाही जायचंच; जो जातो आणि अटी पाळतो, त्याला कारण लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. जो जात नाही, तो स्वतःहून अटकेला कारण देतो.

खाजगी फिर्यादीवरून समन्स निघालं असेल तर त्यासोबत फिर्यादीची नक्कल मिळाली पाहिजे. नसेल तर मागा. पोलिसांनी दोषारोपपत्र ठेवलं असेल तर त्याच्या नकला आरोपीला फुकट मिळतात. हा उपकार नव्हे, हक्क आहे. आणि नव्या कायद्यात आणखी एक दरवाजा उघडला आहे: खाजगी फिर्यादीची दखल घेण्याआधीच कोर्टाने आरोपीला त्याचं म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. तशी नोटीस आली तर ती सोन्यासारखी समजा. खोटी फिर्याद उंबरठ्यावरच अडवायची ती वेळ आहे.

मग वकील. “वकिलाला पैसे कुठून आणू?” हा आपला पहिला प्रश्न. ऐका तर! १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील कुणाकुणाला, त्याची यादी आहे. त्यात स्त्रिया आहेत, मुलं आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, आणि त्याच यादीत ‘औद्योगिक कामगार’ हे शब्दही आहेत! यंत्रमागावर, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला हा हक्क कामगार म्हणून आहे. ज्यांची गिरणी गेली त्यांनी उत्पन्नाच्या मर्यादेत बसतो का ते विचारावं. घरातल्या बाईच्या नावावर कागद असेल तर तिला उत्पन्न विचारलंच जात नाही. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते, फोन नंबर १५१००. दापोलीच्या कोर्टात आपली किती माणसं गेली आणि किती जणांनी त्या समितीचं दार ठोठावलं? हा प्रश्न आम्ही आमच्या मंडळालाच विचारतो आहोत.

प्रत्येक तारखेला दापोली गाठणं जमणार नाही. तेही कायद्याला ठाऊक आहे. वकिलामार्फत हजर राहू द्या, असा अर्ज मॅजिस्ट्रेटपुढे करता येतो. देणं-न देणं त्यांच्या हातात. पण मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. अर्ज न करता गैरहजर राहणं आणि अर्ज करून गैरहजर राहणं, यांत जेलच्या भिंतीएवढं अंतर आहे.

जमिनीचा दिवाणी दावा असेल तर घड्याळ वेगळं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची. कोर्टाने कारण मानलं तर मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते. गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूमनामा होतो आणि आजोबाने लावलेली कलमं दुसऱ्याच्या नावावर होतात. तो हुकूम रद्द करून घ्यायलाही मुदत ३० दिवसांचीच.

आपला साक्षीदार: हजेरीपट

शेतकऱ्याला पुरावा गोळा करावा लागतो. कामगाराचा पुरावा रोज आपोआप लिहिला जातो. हजेरी! ‘त्या दिवशी मी तिथे नव्हतो’ असं जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करायचं असतं. मग ज्याच्या पाळीची वेळ मस्टरवर चढली आहे, त्याच्यापेक्षा हे सोपं कुणाला? कागद हाती येताच मालकाकडे हजेरीची सही-शिक्क्याची नक्कल मागा. मालक देत नसेल तर कोर्टामार्फत मस्टर मागवता येतं. पण उशीर करू नका. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा यंत्रं भंगारात गेली, मस्टरांच्या चवडी कुठे गेल्या ते कुणालाच ठाऊक नाही. पगाराची चिठ्ठी, ई.एस.आय. दवाखान्याचा कागद, एस.टी.चं तिकीट, त्या दिवशीचे फोन, शेजारच्या मागावरचा सोबती, सारं जमा करा. सारं खरं जमा करा. एक खोटा कागद घातलात की नऊ खरे कागद बुडतात. आपण खरे आहोत हीच आपली ताकद. ती खोट्याच्या भेसळीने घालवू नका.

फिर्यादीच्या दारात जाऊन जाब विचारू नका. आतापर्यंत धमकीचा आळ खोटा होता. तो तुमच्या पायाने खरा होईल.

मोठ्यांनी काय केलं?

कुणी म्हणेल, ही वकिली झाली, चळवळीच्या माणसाला हे शोभतं का? त्याला आम्ही महाडला घेऊन जातो. हर्ण्याहून महाड काही लांब नाही.

मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तेव्हा गावातल्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ ला कोर्टात दावा ठोकला. तळं आमच्या खाजगी मालकीचं, अस्पृश्यांना तिथे जायची वहिवाट नाही! १४ तारखेला मनाईहुकूम आला. हजारो माणसं महाडात जमलेली, मनं पेटलेली. बाबासाहेब काय म्हणाले असते तर लोकांनी ऐकलं नसतं? पण त्यांनी मनाईहुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब केला, प्रतिवादी म्हणून उभे राहिले, कैफियत दिली, पुरावा दिला. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला, १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात दावा हरला, १९३३ मध्ये ठाण्याच्या कोर्टात अपील हरलं, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. अनादि काळाची म्हणतात ती वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही! जवळजवळ दहा वर्षं लागली. पण ज्यांनी कागद काढला त्यांच्याच कागदाने त्यांना बांधून टाकलं. समन्सला उत्तर कसं द्यावं हे शिकायचं असेल तर महाडहून मोठी शाळा नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या लोकमान्यांचं. सगळ्यांना १९०८ ठाऊक आहे. त्याआधीचा ताईमहाराज खटला किती जणांना ठाऊक आहे? मित्राच्या मृत्युपत्राचे विश्वस्त म्हणून जबाबदारी घेतली, आणि त्यातून टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा आरोप आला. राजद्रोह नव्हे, लबाडी! १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेटने १८ महिन्यांची शिक्षा ठोठावली. सेशन्स कोर्टाने ती सहा महिन्यांवर आणली. टिळकांना कमी झालेली शिक्षा नको होती, कलंक पुसायचा होता. ते हायकोर्टात गेले आणि मार्च १९०४ मध्ये हायकोर्टाने शिक्षाच रद्द केली. दिवाणी बाजू तर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेऊन जिंकली. राजद्रोहाबद्दल तुरुंगात जाणारा माणूस खोटेपणाचा एक ठिपका अंगावर ठेवून घ्यायला तयार नव्हता. हे आमच्या ‘कबूल करून टाक’वाल्या मित्राने नीट वाचावं.

आणि तिसरं उदाहरण आपल्या खात्यातलं. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सरकारला धडकी भरली. २० मार्च १९२९ ला पहाटे धरपकड झाली आणि माणसं उचलून नेली कुठे? मीरतला! मुंबईत खटला चालवला असता तर ज्यूरीपुढे चालवावा लागला असता. मीरतला ज्यूरी नव्हती. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे ही नावं आपण घेतो. पण त्यांच्यासोबत युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे आणि कासले हे आपल्यातले, गिरणीत राबलेले कामगारही आरोपीच्या पिंजऱ्यात होते. जानेवारी १९३३ मध्ये दोघांनाही शिक्षा झाली. पण ऑगस्ट १९३३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने अपिलात नऊ जणांना निर्दोष सोडलं, आणि त्या नऊ जणांत आळवे आणि कासले होते!

निर्दोष. पण चार वर्षांहून अधिक काळ गेला, तो कोण परत देणार? इथेच आमचं भांडण आहे.

आमचं भांडण

कोर्टात जा असं आम्ही सांगतो, याचा अर्थ कोर्टात सगळं आलबेल आहे असा नव्हे. निकालाआधीच खटला माणसाला शिक्षा करतो. श्रीमंताला तारीख म्हणजे मोटारीतली फेरी. कामगाराला तारीख म्हणजे बुडालेला रोज, रात्रभराचा एस.टी.चा प्रवास, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात चार वाजता मिळालेली पुढची तारीख. खोटी फिर्याद करणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. त्याला खटला जिंकायचाच नसतो. त्याला तुम्हाला तारखांनी दमवायचं असतं, म्हणजे तुम्ही बांध सोडाल, वाट सोडाल, युनियन सोडाल.

कायद्यात यावर औषध लिहिलेलं आहे. वाजवी कारण नसताना आरोप केला असं मॅजिस्ट्रेटला दिसलं, तर सुटलेल्या आरोपीला फिर्यादीकडून भरपाई देण्याचा अधिकार त्यांना आहे. जाणूनबुजून खोटा आरोप करणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे. पण सुटका झाली की आपली माणसं देवाला नारळ फोडतात आणि घरी येतात! भरपाई कुणी मागतच नाही. मागा! तुमच्यासाठी नको असेल तर पुढच्या माणसासाठी मागा. खोट्या फिर्यादीला किंमत मोजावी लागते, हे एकदा पंचक्रोशीत कळू द्या.

कोर्टाची भाषा आणि आपलं राज्य

१९०८ च्या जुलैत टिळकांवर खटला चालला तो कशावर? ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर. ज्यूरीपुढे ठेवलं काय? त्या लेखांचं इंग्रजी भाषांतर! भाषांतरात अर्थाचा विपर्यास झाला आहे, हे टिळक उभे राहून सांगत होते. ज्यूरीतल्या सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी निर्दोष. सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणगावाने वर्षाला एक दिवस याप्रमाणे सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. आरोपीची भाषा एक आणि न्यायाची भाषा दुसरी असली की काय होतं, हे मुंबईच्या कामगाराला तेव्हाच कळलं होतं.

म्हणूनच तर २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरणगाव फ्लोरा फाउंटनवर चालून गेलं आणि त्याने छातीवर गोळ्या झेलल्या. राज्य मराठी हवं ते कशासाठी? मंत्र्यांनी मराठीत भाषण करावं एवढ्यासाठी? नव्हे! साळखात्यातल्या बाईच्या हातात सरकारचा कागद पडला तर तो तिला वाचता यावा, यासाठी. १ मे १९६० ला राज्य झालं. १९६४ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. आणि खालच्या कोर्टांची भाषा मराठी म्हणून ठरायला १९९८ साल उजाडलं! आजही किती निकालपत्रं इंग्रजीत हातात पडतात? हायकोर्टाची भाषा तर इंग्रजीच आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच आरोप वाचता येत नसेल, तर त्याने उत्तर काय द्यायचं? आणि सीमाभागातल्या आपल्या भावंडांचं काय? त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा लावला. मराठी माणसाने कोर्टाच्या पायरीवर धीर धरून उभं राहावं लागतं, ते राज्यालाही चुकलेलं नाही.

आता काय करायचं?

सरकारकडे आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक समन्सच्या पाठीवर सोप्या मराठीत चार ओळी छापा: हजर कधी राहायचं, नकला कशा मागायच्या, मोफत वकील कुठे मिळेल, न आल्यास काय होईल. प्रत्येक यंत्रमाग कारखान्याच्या दारात आणि प्रत्येक चाळीच्या जिन्याखाली १५१०० हा नंबर रंगवा. परगावी राबणाऱ्या कामगाराला तारखांतून सूट देताना हात आखडू नका. आणि खोट्या फिर्यादीबद्दल भरपाईचं कलम पुस्तकात झोपवू नका, वापरा.

पण सरकारकडे मागून थांबणारे आम्ही नव्हे. आपल्या हाताने करायचं तेही ठरवू या. प्रत्येक गावमंडळाने दर महिन्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम ‘तारीख फंडा’ला काढावी, ज्याचा आळ खोटा असल्याची मंडळाची खात्री झाली, त्याचा बुडालेला रोज फंडातून भरावा. कुणीही तारखेला एकटा जाऊ नये, दोन माणसं सोबत जावीत. कोर्टाच्या व्हरांड्यात एकटा उभा असलेला माणूस लवकर खचतो. तिघांत तोच माणूस ताठ उभा राहतो. संपात आपण हेच शिकलो नाही का?

आणि शेवटची गोष्ट, कडू आहे पण बोलतो. खोट्या फिर्यादी आभाळातून पडत नाहीत. त्या आपल्याच वाड्यांतून निघतात. कधी चुलत्यावर, कधी शेजाऱ्यावर, कधी मानपानासाठी, कधी चार फूट वाटेसाठी. आज आपल्यावर आळ आला म्हणून आपण ओरडतो. उद्या आपलाच माणूस दुसऱ्यावर आळ घ्यायला निघाला तर त्याचा हात धरणार की त्याला साक्षीदार पुरवणार? जे मंडळ आपल्या माणसाच्या खोट्या फिर्यादीला साक्षीदार पुरवतं, त्याला दुसऱ्याच्या खोट्या फिर्यादीविरुद्ध बोलण्याचा अधिकार उरत नाही. तेव्हा ठरावात हेही लिहा: खोटी फिर्याद करणाराला मंडळाचा आधार नाही, मग तो कुणाचाही पोर असो!

बंधूंनो, गुन्हा न करता मान खाली घालणं हा आपला धर्म नव्हे. कागद आला तर घ्या. वाचा. तारीख भिंतीवर लिहा. हजेरीची नक्कल मागा. वकील मागा. कबूल नसलेलं कबूल करू नका. आणि त्या तारखेला, दाढी करून, धुतलेले कपडे घालून, दोन सोबती घेऊन कोर्टात उभे राहा आणि स्वच्छ आवाजात, आपल्या मराठीत सांगा, “साहेब, हे मी केलेलं नाही. हा माझा पुरावा.”

जो हजर राहतो, त्याचीच बाजू ऐकली जाते. पायरी चढा!